एन-दोरची भाकर : परलोकवादी मंडळीनें लोकांस काय द्यावें?

मननासाठीं शास्त्रभाग : १ शमुवेल २८ : २०–२५



शौल राजा गिलबोवा डोंगराजवळ छावणी देऊन असतां एका रात्रीं वेष पालटून एन-दोर गांवीं गेला, ही कथा आपणांस ठाऊक आहे. मेलेल्या शमुवेलास वर आणावें अशी त्यानें तेथील एका स्त्रीस विनंति केली. मग जो निरोप त्याच्या कानीं पडला तो ऐकून तो उंचापुरा राजा जमिनीवर आडवा पडला. सारा दिवस व सारी रात्र त्याच्या पोटांत अन्न नव्हतें, आणि अंगांत उठण्याचें बळ उरलें नव्हतें.

ह्या कथेवर उपदेश होतो तेव्हां तो बहुधा येथेंच थांबतो. परंतु अध्याय येथें संपत नाहीं. त्या स्त्रीनें राजाची दशा पाहिली. तिनें घरचें पुष्ट वासरूं कापिलें, कणीक मळून बेखमीर भाकरी भाजिल्या आणि राजापुढें व त्याच्या चाकरांपुढें आणून ठेविल्या. ते जेवले, उठले आणि त्याच रात्रीं आपल्या वाटेनें गेले. निरोपानें शौल खालीं पडला. भाकरीनें तो उठला. त्या घरीं त्यास ज्या दोन गोष्टी मिळाल्या त्यांपैकीं कोणती देण्याजोगी होती हें शास्त्रानेंच आपणांस दाखविलें आहे.

अमेरिकेंत व विलायतेंत स्पिरिच्युॲलिस्ट नांवाचे लोक आहेत. त्यांस आपण परलोकवादी म्हणूं. मृतांचे आत्मे जिवंतांशीं बोलतात असें ते मानितात, आणि त्यांच्या स्वतःच्या मंडळ्या व उपासनामंदिरें आहेत. अशा मंडळीनें आपल्या भोंवतालच्या लोकांस काय द्यावें, ह्या प्रश्नाचा आज विचार करूं. प्रश्न दूर देशींचा आहे खरा. पण मरण व शोक हीं दूर देशींचीं नाहींत.

प्रथम त्यांची हकीकत न्यायानें सांगितली पाहिजे, कारण शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊं नये ही आज्ञा ज्यांचें मत आपणांस मान्य नाहीं त्यांच्याविषयींही लागू आहे. ह्या पंथाचा आरंभ इ. स. १८४८ च्या मार्च महिन्यांत न्यूयॉर्क संस्थानांतील हाइड्सव्हिल नांवाच्या खेड्यांत झाला. तेथें फॉक्स कुटुंबाच्या घरीं टकटक असे आवाज होऊं लागले, आणि मार्गारेट व केट ह्या मुलींशीं मृताचा आत्मा बोलतो अशी वार्ता पसरली. चाळीस वर्षांनीं, १८८८ सालीं, मार्गारेटनें न्यूयॉर्क शहरांत भर सभेंत सांगितलें कीं ते आवाज पायाच्या बोटांच्या सांध्यांनीं काढिलेले होते. पुढच्या वर्षीं तिनें ही कबुली मागें घेतली. तोंवर पंथ समुद्रापार पोहोंचला होता. इंग्लंडांत यॉर्कशर परगण्यांतील कीथली येथें १८५३ सालीं त्यांची पहिली मंडळी स्थापन झाली, आणि १९०१ सालीं त्यांचा राष्ट्रीय संघ नोंदविला गेला.

त्या संघाचीं सात तत्त्वें आहेत. देव सर्वांचा पिता आहे. सर्व माणसें भाऊ आहेत. आत्म्यांशीं संबंध घडतो व देवदूत सेवा करितात. मनुष्याचा आत्मा टिकून राहतो. प्रत्येकजण आपल्या करणीस जबाबदार आहे. बऱ्यावाईट कृत्यांचें फळ परलोकीं मिळतें. आणि प्रत्येक आत्म्यास सुधारण्याचा मार्ग सर्वकाळ खुला आहे. त्यांच्या उपासनेंत गीतें असतात, प्रार्थना असते, प्रवचन असतें. आणि शेवटीं माध्यम म्हणविणारी व्यक्ति उभी राहून, जमलेल्यांपैकीं कोणाचा मृत आप्त काय सांगत आहे हें बोलून दाखविते. ज्या काळीं पुष्कळ ख्रिस्ती मंडळ्यांत स्त्रियांस व्यासपीठावरून बोलूं देत नसत, त्या काळीं ह्या मंडळ्यांत एमा हार्डिंग ब्रिटन ह्यांच्यासारख्या स्त्रिया मोठमोठ्या सभांपुढें बोलत, हेंही सांगितलें पाहिजे.

ह्या चळवळीचा वारा आपल्या किनाऱ्यासही लागला. अशाच चमत्कारांचा शोध घेतांना कर्नल ऑल्कॉट व मॅडम ब्लाव्हाट्स्की ह्यांची १८७४ सालीं अमेरिकेंत भेट झाली. पुढें त्यांनीं थिऑसफीची संस्था काढिली आणि १८७९ सालीं तीं दोघें मुंबईस उतरलीं. प्लँचेटवर बोट ठेवून मृतांस प्रश्न विचारण्याची रीत आपल्या शहरांतील कांहीं शिकलेल्या घरांतही शिरली.

पण विलायतेंत ह्या मंडळ्या वाढल्या त्या कुतूहलानें नव्हे, तर दुःखानें. पहिल्या महायुद्धांत, १९१४ पासून १९१८ पर्यंत, ब्रिटनचे सुमारें सात लाख सैनिक पडले. त्यांचीं शरीरें मायदेशीं आणावयाचीं नाहींत असा सरकारचा ठराव होता. पुष्कळांचें तर शरीरही सांपडलें नाहीं. बेल्जम देशांतील ईप्र शहराच्या मेनिन वेशीवर, ज्यांस ठाऊक अशी कबर नाहीं, अशा चौपन्न हजारांहून अधिकांचीं नांवें कोरिलेलीं आहेत. आईस मुलाचें तोंड पाहावयास मिळालें नाहीं, कबरेवर मूठभर माती टाकावयास मिळाली नाहीं. सर ऑलिव्हर लॉज हे मोठे पदार्थविज्ञानवेत्ते. त्यांचा मुलगा रेमंड १९१५ सालीं ईप्रजवळ पडला, आणि माध्यमांच्या द्वारें त्याचे निरोप आले असें सांगणारें पुस्तक त्यांनीं पुढच्याच वर्षीं छापिलें. सर आर्थर कॉनन डॉइल ह्यांनीं तर देशोदेशीं फिरून ह्या मताचा प्रचार केला. ज्या दारीं हे विद्वान गेले, त्याच दारीं हजारों साध्या आया व विधवा गेल्या. त्यांस हंसणें सोपें आहे. पण ज्याच्या घरीं रिकामी खाट आहे त्यास हंसूं येत नाहीं.

तर मग शोकानें जें माणूस अशा मंडळीच्या दारांत येतें त्याचें तिच्यावर काय ऋण आहे? तिचेंच म्हणणें व तिचींच तत्त्वें धरून हें पाहूं.

पहिलें ऋण सत्याचें. शोकग्रस्त मनुष्य आपला पाहारा सोडून आलेला असतो. 'एक वयस्क मनुष्य दिसतो, छातीच्या दुखण्यानें गेलेला,' असें शंभर माणसांच्या सभेंत म्हटलें तर कोणाचा ना कोणाचा बाप तसा गेलेला असणारच. ज्याचा चेहरा बदलतो त्याच्याकडे वळून, त्याच्या हुंकारावरून पुढचा शब्द रचणें ही एक युक्ति आहे, आणि ती न कळत स्वतः माध्यमासही फसवूं शकते. अमेरिकेंतील प्रसिद्ध जादूगार हूडिनी ह्यांची आई १९१३ सालीं वारली. पुढें त्यांनीं अशा युक्त्या उघड करण्यांत कित्येक वर्षें घालविलीं. कारण त्या युक्त्या आपल्या धंद्यांतल्या आहेत हें ते जाणत होते. १९४४ सालीं लंडनच्या न्यायालयानें हेलन डंकन नांवाच्या माध्यम बाईस १७३५ च्या जादूटोण्याच्या कायद्याखालीं नऊ महिन्यांची कैद दिली. १९५१ सालीं तो जुना कायदा जाऊन, फसविणाऱ्या माध्यमांपुरता नवा कायदा झाला; आणि २००८ सालीं तोही जाऊन, गिऱ्हाइकास ठकविण्याविरुद्धचे सामान्य नियम त्याच्या जागीं आले. कायदा फसवणुकीस शिक्षा करील. पण 'आज मला कांहीं दिसत नाहीं' असें भर सभेंत म्हणण्याचें धैर्य कायद्यानें येत नाहीं. तें त्या मंडळीनेंच आपल्या माध्यमांस शिकविलें पाहिजे. आणि दुःखाचा बाजार मांडून विधवेच्या पदराची गांठ सोडविली जाणार नाहीं, इकडे तिनें डोळ्यांत तेल घालून पाहिलें पाहिजे.

दुसरें ऋण भाकरीचें. विधवा सभेस येते, निरोप ऐकते आणि अंधाऱ्या घरीं एकटी परत जाते. निरोप खरा असो वा खोटा, तिची चूल कोण पेटवितो? सभेनंतर तिच्याजवळ बसून चहा पिणारा कोणी आहे काय? आजारपणांत तिच्या दारीं कोण येतो? ज्या मंडळीजवळ मेलेल्यांसाठीं वेळ आहे आणि जित्यांसाठीं नाहीं, ती एन-दोरच्या स्त्रीपेक्षांही मागें आहे. आईबापांवांचून राहिलेल्यांस व विधवांस त्यांच्या संकटांत जाऊन भेटणें हाच शुद्ध धर्म आहे, असें याकोब आपल्या पत्राच्या पहिल्या अध्यायांत शिकवितो. हें माप सर्वांना सारखें आहे. ख्रिस्ती मंडळीला आहे तसें परलोकवाद्यांनाही आहे.

तिसरें ऋण हें कीं शोक करणाऱ्यास पुन्हां आपल्या कामाकडे वळवावें. दावीद राजाचें मूल आजारी होतें तोंवर तो उपाशी राहून जमिनीवर पडून रडला. मूल मेल्याचें कळतांच तो उठला, त्यानें स्नान केलें, देवाच्या मंदिरीं जाऊन भजन केलें व घरीं येऊन अन्न मागितलें. मीच त्याच्याकडे जाईन, तो माझ्याकडे परत येणार नाहीं, हें त्यानें ओळखिलें होतें. ज्या सभेंत मनुष्य आठवड्यामागून आठवडा त्याच एका आवाजासाठीं येत राहतो, त्याचें शेत पडीक राहतें व जिवंत लेंकरें आईच्या तोंडाकडे पाहत बसतात, ती सभा त्याचें सांत्वन करीत नाहीं, तर त्याच्या जखमेस खपली धरूं देत नाहीं. 'आतां घरीं जा, तुमचीं माणसें वाट पाहत आहेत,' असें सांगावयास तिनें शिकलें पाहिजे, मग तिची बैठक रिकामी पडली तरी चालेल.

चवथें ऋण शरीराविषयींचें. ह्या मंडळ्यांत आजाऱ्यांवर हात ठेवून बरें करण्याची सेवा चालते. त्यांच्या जबाबदार संस्थांचा नियम असा आहे कीं सेवा करणाऱ्यानें रोगाचें निदान सांगूं नये व डॉक्टरांचें औषध बंद करावयास लावूं नये. हा नियम चांगला आहे, आणि तो कागदावर न राहतां रोजच्या रोज पाळला गेला पाहिजे. कारण भोळ्या माणसाचा प्राण जातो तो बहुधा प्रार्थनेमुळें नव्हे, तर प्रार्थनेच्या नांवाखालीं गमाविलेल्या वेळेमुळें.

पांचवें ऋण मुलांचें. अमेरिकेंतील अँड्र्यू जॅक्सन डेव्हिस ह्यांनीं १८६३ सालीं परलोकवाद्यांच्या मुलांसाठीं लायसियम नांवाची रविवारची शाळा सुरू केली. तिच्यांत गीतें, कवायत व प्रश्नोत्तरें असत, आणि मुलांनीं स्वतः विचार करावा असा हेतु होता. तो हेतु खरा ठेवावयाचा तर मुलांस भुतांच्या गोष्टी सांगून भिवविणें नको. त्यांस त्यांचेंच पांचवें तत्त्व शिकवावें कीं आपल्या करणीस आपणच जबाबदार आहों. जो हें मनापासून शिकला तो शेत विकावें कीं नाहीं, मुलगी कोणत्या घरीं द्यावी, हें मेलेल्या आजोबास विचारावयास जाणार नाहीं. तो आपली बुद्धि चालवील, जाणत्यांस विचारील व देवापुढें गुडघे टेंकील.

येथें आपली व त्यांची वाट वेगळी होते, हें लपवून ठेवणें प्रीतीचें काम नव्हे. अनुवादाच्या अठराव्या अध्यायांत मृतांस विचारण्याची देवानें आपल्या लोकांस मनाई केली आहे. जिवंतांसाठीं मेलेल्यांकडे कां जावें, आपल्या देवाकडे कां जाऊं नये, असा यशयाच्या आठव्या अध्यायांतील भाव आहे. श्रीमंत मनुष्य व लाजार ह्यांच्या दाखल्यांतही, माझ्या भावांकडे मेलेल्यांतून कोणास तरी पाठवा ही विनंति मान्य झाली नाहीं. मोशे व संदेष्टे त्यांच्याजवळ आहेतच, असें उत्तर मिळालें. आपली आशा माध्यमाच्या शब्दावर टेंकलेली नाहीं, तर मेलेल्यांतून उठलेल्या प्रभूवर टेंकलेली आहे. जे त्याच्याठायीं निजले आहेत ते हरवले नाहींत, आणि त्यांस बोलावून आणण्याचें काम आपलें नव्हे. पौल थेस्सलनीकाच्या मंडळीस लिहितो तें असें नाहीं कीं शोकच करूं नका. आशा नसलेल्यांसारखा शोक करूं नका, एवढेंच तो सांगतो. प्रभु स्वतः लाजाराच्या कबरेजवळ रडला.

परंतु मनाई करणें हें अर्धें काम झालें. १९३७ सालीं इंग्लंडच्या मंडळीच्या मुख्य धर्माध्यक्षांनीं परलोकवादाचा विचार करण्यासाठीं एक समिति नेमिली. तिनें १९३९ सालीं अहवाल दिला. पण बिशपांनीं तो प्रसिद्ध केला नाहीं, आणि चाळीस वर्षांनीं, १९७९ सालीं, तो लोकांसमोर आला. त्या अहवालांतील मतांचा वाद बाजूस ठेवूं. मधल्या काळांत दुसरें महायुद्धही होऊन गेलें, आणि पुन्हां लाखों घरांत रडणें झालें. दुःखी माणूस दारांत उभा राहून प्रश्न विचारीत असतां मंडळीचे पुढारी मुके राहिले, तर तो जेथें कोणी बोलतो तेथें जातो. तेथें त्यास खरें मिळो कीं खोटें, तो मुक्या दारीं उभा राहत नाहीं.

उपदेशक बंधूंनो, बायबल स्त्रियांनो, येथें आपल्या खेड्यांची गोष्ट आली. आपल्याकडे परलोकवाद्यांचें मंदिर नाहीं; पण देवऋषी आहे, भगत आहे, अंगांत येणारी बाई आहे. तरणा मुलगा विहिरींत बुडून गेला, बाळंतीण गेली, म्हणजे शेजारीण हळूच सांगते, 'एकदां त्याच्याकडे जाऊन विचारून तर या.' ख्रिस्ती झालेल्या घरांतही हा शब्द येतो. जादूटोण्याच्या नांवानें होणाऱ्या अघोरी प्रकारांविरुद्ध महाराष्ट्रानें २०१३ सालीं कायदा केला आहे. साप चावलेल्यास दवाखान्यांत जाऊं न देतां मंत्रतंत्र करणें हा त्या कायद्यानें गुन्हा आहे. हें गांवांत सर्वांस सांगा. पण कायदा देवऋष्यास धरील. रडणाऱ्या आईस जवळ धरणें हें मंडळीचें काम आहे.

म्हणून वरचीं पांच मापें आपण आपल्याच मंडळीस लावूं. मातीच्या दिवशीं सारा गांव लोटतो. तिसऱ्या दिवशीं कोण जातो? महिन्यानें कोण जातो? पहिल्या नाताळास, जेव्हां त्या घरीं फराळाला हात लागत नाहीं, तेव्हां कोण जाऊन बसतो? उपदेशकानें आपल्या वहींत मरणाची तारीख लिहावी व त्या तारखेस वर्षानें त्या घरीं प्रार्थना करावी. मंडळीच्या स्त्रियांनीं आपसांत वांटून घेऊन पहिले आठ दिवस भाकरी न्यावी. पेरणीच्या दिवसांत नवरा गेला असेल तर मंडळीच्या बैलांनीं एक दिवस तिचें रान पेरावें. ग्रामपंचायतींत मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आंत करून द्यावी. निराधार विधवेस संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज भरण्यास शिकलेल्या तरुणानें मदत करावी आणि तिच्यासंगें तहसील कचेरींत जावें. हीं कामें प्रवचनाहून हलकीं नाहींत. दुर्कस मरण पावली तेव्हां विधवांनीं पेत्रास तिचीं भाषणें सांगितलीं नाहींत. तिनें शिवलेलीं वस्त्रें रडत रडत दाखविलीं.

आणि त्या घरीं जाऊन बोलावें काय? जें ठाऊक आहे तेंच बोलावें. 'देवानें अमक्या कारणासाठीं नेलें' असें सांगूं नये. देवाच्या मनांतलें ठाऊक असल्यासारखें बोलणें हीही एका प्रकारची माध्यमगिरीच आहे. 'तुझ्या पापामुळें झालें' असें तर कधींच बोलूं नये. ईयोबाच्या मित्रांवर देव रागावला तो अशाच बोलण्याबद्दल. सात दिवस ते मुकाट्यानें त्याच्याजवळ बसले होते, तोंवर त्यांची सेवा चांगली होती. मेलेल्याचें नांव घ्यावयास भिऊं नये. आईला त्याच्या गोष्टी सांगूं द्याव्या, आणि त्याच त्या गोष्टी पुन्हां ऐकाव्या. मग पुनरुत्थानाचें वचन वाचावें, लहान प्रार्थना करावी आणि उठतांना पुन्हां कधीं येणार तो दिवस सांगावा; व त्या दिवशीं खरोखर जावें.

शेवटीं वधस्तंभाकडे पाहूं. तेथें एक आई उभी होती, आणि तिच्या डोळ्यांदेखत तिचा मुलगा मरत होता. प्रभूनें तिची व्यवस्था केली ती अशी : आपल्या प्रिय शिष्यास त्यानें तिचा मुलगा करून दिलें व तिला त्याची आई करून दिलें, आणि त्या घटकेपासून त्या शिष्यानें तिला आपल्या घरीं नेलें, असें योहान आपल्या शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायांत लिहितो. जो तिसऱ्या दिवशीं उठणार होता त्यानेंही मधल्या दिवसांसाठीं आईस घर दिलें, चूल दिली, जवळ बसणारें माणूस दिलें. परलोकवादी मंडळी असो वा आपली, तिच्या दारीं येणाऱ्या शोकग्रस्तास ह्याहून कमी देण्याचा तिला अधिकार नाहीं. ह्या आठवड्यांत आपल्या गांवीं असें एक घर शोधूं या आणि रिकाम्या हातांनीं न जातां त्याच्या दारीं जाऊं या. शांतीचा देव आपणां सर्वांबरोबर असो. आमेन.